भरल्या झोळीचं माप

लोहाऱ्याच्या आमच्या छोट्या कारखान्यात मी कृत्रिम पाय बनवतो. उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा, त्यावरून पाय आत बसेल अशी वाटी घडवायची, खाली पाऊल जोडायचं. माझ्या हातचा पाय दुरुस्तीला परत येत नाही, अशी माझी घमेंड होती. ती मारेगावकडच्या एका बाईंनी उतरवली.

ट्रॅक्टरखाली येऊन त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. घरचंच कपाशीचं वावर, पण मागचा सगळा हंगाम त्यांनी बांधावर बसून जावेची वेचणी बघण्यात काढला. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "कुबडीनं चालता येते भाऊ, पण येचाले दोन्ही हात लागतात. यंदा सीतादहीले मले वावरात उतराचं हाय."

सीतादही म्हणजे आमच्याकडची पहिल्या वेचणीची पूजा. वावरात दहीभात शिंपडायचा आणि मगच कापसाला हात लावायचा. मी "हो हो" म्हणालो आणि प्लास्टर भिजवायला घेतलं.

पाय झकास बसला. फरशीवर त्या अगदी तोऱ्यात चालून दाखवून गेल्या. पंधरा दिवसांनी जावेचा खांदा धरून परत आल्या. गुडघा सोलवटलेला. वावरात सराव करताना तीनदा पडल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. "पट्टा नीट बांधला नसेल तुम्ही," मी खेकसलो.

"काहून वरडून राह्यले?" जाऊ माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली. "झोळी रिकामी हाय तवर बरोबर चालते थे. माती टाकून भरली का पडते."

वेचणाऱ्या बाया कमरेला फडक्याची झोळी बांधतात, कापूस पोटाशी साठत जातो. तो भार पेलायला बाई मागे रेलते, आणि माझा पाय तिथेच दगा देत होता. मी याच जिल्ह्यातला. आईच्या पोटाशी ती झोळी रोज पाहिलेली. तरी माप घेतलं ते मोकळ्या उभ्या बाईचं, गुळगुळीत फरशीवर. मला लाज वाटली, आणि तसं त्यांना सांगितलंही.

"मंग आता करा न नीट," त्या म्हणाल्या. सीतादहीला चारच दिवस उरले होते.

त्यांच्या कमरेला झोळी बांधून तीत प्लास्टरची पुडकी भरली. जाऊ हातानं अंदाज घेत "अजून टाका" म्हणत राहिली. मग कारखान्यामागच्या काळ्या मातीत त्यांना चालवलं. दहा पावलं, की पाऊल थोडंसं कलवायचं, स्क्रू आवळायचे, पुन्हा दहा पावलं. दुपार त्यातच गेली. मी दोन्ही हात पसरून त्यांच्या मागेमागे.

"हात खाली घ्या न भाऊ," त्या वळून म्हणाल्या. "वावरात कोन येईन असं मांगं मांगं?"

मी हात खाली घेतले. जीव मात्र टांगणीलाच होता.

सीतादहीच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "झाली भाऊ. झोळी भरून येचलं. एकदा पडली मी."

मी घाईनं विचारलं, "पायानं दगा दिला का?"

त्या खळखळून हसल्या. "नाई हो, ढेकूळ होतं. माह्या मांगून जाऊबी तिथंच पडली."