बिनपंखांचं जहाज

आमच्या नौबादमध्ये विमानाला सगळे जहाजच म्हणतात. शिकाऊ वैमानिकांची जहाजं दिवसभर डोक्यावर घरघरत असतात. त्यामुळे निवृत्त झाल्यावर मी ‘कारवारला जहाज बघायला जाऊ’ म्हणालो, तेव्हा कोहिनूर गावाहून माझ्याकडे राहायला आलेली माझी थोरली अक्का वैतागली. “त्याच्यासाठी एवढ्या लांब कामून जायचं? अंगणात उभं ऱ्हा की.”

तरी आली. कारवारच्या किनाऱ्यावर एक जुनी युद्धनौका जमिनीवर उभी करून ठेवली आहे. लोक तिकीट काढून आत हिंडतात. अक्का पदर खोचून तिच्याभोवती पूर्ण फेरी मारून आली. “पंख काढून घेतले व्हय?”

“पाण्यातलं जहाज हाय, अक्का. लढाईतलं.”

“मग पाणी तिकडं अन् हे हिकडं कसं?”

“आता रिटायर झालंय.”

अक्का शिडी चढली, तोफेला बैलासारखं थोपटलं आणि कप्तानाच्या खुर्चीशेजारी फोटो काढून घेतला.

परवा मी नेहमीसारखा ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. वरून जहाज गेलं. अक्कानं मान वर केली नाही, माझ्याकडं बघितलं.

“बसून तर कारवारचं जहाज बी ऱ्हातंय. पण त्याला बघायला लोक तिकीट काढायलेत.”