सेंट थॉमस आणि साडूंच्या सूचना

माझ्या साडूंइतका निष्ठेने घाबरणारा माणूस शिकागोच्या आसपास शंभर मैलांत दुसरा नव्हता. घाबरायचो आम्हीही. न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यानंतरचे दिवसच तसे होते. विमानतळावर बूट काढायला लावायचे, ऑफिसात शेजारचं टेबल एखाद्या सोमवारी एकदम रिकामं दिसायचं, आणि व्हिसाचं तर आज आहे, उद्या नाही. पण आमची भीती कामापुरती असायची, साडूंची पूर्णवेळ होती. शॉमबर्ग या उपनगरातल्या घरातून निघाल्यावर गॅस बंद केलाय का हे बघायला ते हायवेवरून माघारी यायचे, आणि त्यांची शेगडी विजेची होती. माणूस नागपूरचा, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बायको त्यांना भावोजी म्हणते म्हणून मीही भावोजीच म्हणतो.

ओळखीतलं कोणी प्रवासाला निघालं की संध्याकाळी भावोजींचा फोन ठरलेला. स्वतः ते दीड तासावरच्या मिलवॉकीच्या पलीकडे फारसे गेले नव्हते, पण लायब्ररीतली प्रवासाची पुस्तकं त्यांनी वैद्याने ग्रंथ वाचावेत तशी वाचली होती. कुठे काय बघावं ही पानं ते सोडून द्यायचे. कुठे काय होऊ शकतं, एवढंच वाचायचे. एका मित्राला त्यांनी ग्रँड कॅनियनच्या कड्यापासून किती पावलं लांब उभं राहायचं ते इतकं नीट समजावलं की त्याच्या बायकोने दरी न बघताच परत येणं पसंत केलं. आम्ही हसायचो. पण फोन आला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं, हेही खरं.

असा माणूस कॅरेबियनमधल्या बेटावर कसा गेला? तर एका डिसेंबरात ताईने, म्हणजे माझ्या मेव्हणीने, हट्टच धरला की पोरींना एकदा तरी गरम समुद्र दाखवायचा. भावोजींनी तीन आठवडे अभ्यास करून सेंट थॉमस निवडलं. "बेट अमेरिकेचंच आहे. देश सोडायचं कामच नाही, तर परत येऊ देतील का हा प्रश्नच नाही," ते म्हणाले. मग आम्हा दोघांनाही सोबत ओढलं आणि सूचना सुरू झाल्या. तिथे गाडी डावीकडून चालवतात, पण स्टिअरिंगही डावीकडेच असतं. लाटेने आत ओढलं तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं. खोडावर लाल पट्टा मारलेल्या झाडाखाली पावसात उभं राहायचं नाही, त्याचा चीक अंग भाजतो. येताना आंबा आणायचा नाही, तो काढून घेतात.

चीड यायची ती यामुळे की सगळ्या सूचना बरोबर निघायच्या. पहिल्याच चौकात मी सवयीने उजवीकडे शिरलो आणि समोरून ट्रक आला. मागच्या सीटवरून भावोजी हळूच म्हणाले, "डावीकडे." ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढचे चार दिवस आम्ही पाण्यात आणि ते वाळूत, बूट-मोजे घालून, दोन्ही पोरींच्या रबरी ट्यूबना बांधलेल्या दोऱ्या हातात धरून बसलेले. पाण्याला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

परतीच्या दिवशी विमानतळावर कळलं की बेट अमेरिकेचं असलं तरी इथून निघताना कागद तपासतात. हेसुद्धा भावोजींना माहीत होतं. त्यांनी ऐटीत फाईल काढली. त्यात त्यांच्या पासपोर्टची आणि व्हिसाच्या मंजुरीची झेरॉक्स होती. प्रत्येक पानावर 'ट्रू कॉपी', खाली सही, आणि नोटरीसमोर शपथ घेऊन मारून आणलेले शिक्के. मूळ कागद हरवू नयेत म्हणून ते शॉमबर्गच्या बँकेतल्या लॉकरमध्ये सुखरूप होते. आयुष्यभर आपण हेच करत आलो ना? प्रमाणपत्र घरच्या कपाटात आणि साहेबाच्या सहीची प्रत हातात. अधिकारी बाई सभ्य होती. तिने शिक्के कौतुकाने पाहिले आणि ओरिजिनल मागितलं.

"ते ओरिजिनल मागून राहिले," भावोजी माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. माझा स्वतःचा पासपोर्ट एरवी घरी पिझ्झाच्या मेनूकार्डांबरोबर ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, त्यावर वरणाचा डाग आहे. डाग झाकायला तो मी बायकोच्या पासपोर्टखाली ठेवून पुढे केला. ताईचा पासपोर्ट तिच्या पर्समध्ये होता, कारण नवऱ्याच्या लॉकरवर तिचा विश्वास नव्हता. पोरी तर जन्माने अमेरिकेच्याच. म्हणजे सगळे पलीकडे गेलो आणि भावोजी एकटे अलीकडे राहिले. धाकटी पाच वर्षांची. तिने विचारलं, "डॅडी, व्हाय आर यू ऑन दॅट साइड?" ताईने तिला उचलून घेतलं. ठरलं असं की ताईने जाऊन लॉकर उघडायचा आणि कागद कुरियरने पाठवायचे. आम्ही वळलो तर मागून भावोजींचा आवाज आला, "उतरताना धाकटीला गोळी चघळायला दे. तिचे कान दुखतात."

पाच दिवसांनी शिकागोत बर्फ पडत असताना ते उतरले. नाक भाजलेलं, बुटांत वाळू. पोरी जाऊन बिलगल्या. ते पहिलं वाक्य बोलले, "कान दुखले काय तिचे?" तिथे काय केलं ते त्यांनी मला फार पुढे, एकदाच सांगितलं. "दोन दिवस खोलीचं दार लावून बसलो. मग वाटलं, ज्याचं भेव होतं ते तर होऊनच गेलं. बूट काढले अन् पाण्यात गेलो."

त्यानंतर त्यांचे फोन बंद झाले. दोन हजार आठच्या मंदीत नोकरी गेली आणि ते सगळे नागपूरला परतले. त्याच हिवाळ्यात आम्ही पुन्हा सेंट थॉमसला जायचं ठरवलं. बॅगा भरून झाल्या, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. शेवटी मीच नागपूरला फोन लावला. "भावोजी, निघालोय. काही सूचना?"

ते म्हणाले, "पाणी लय छान आहे बापू तिथलं. जाय, मजा कर."

इतकी वर्षं आमच्या वाटणीचंही हाच माणूस घाबरत होता, हे मला तेव्हा कळलं. फोन ठेवल्यावर उठून पासपोर्ट काढले, पाहिले, परत ठेवले, परत काढले. मग स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे ना, ते बघून आलो. शेगडी आमचीही विजेचीच आहे.