आबांची अळणी पेज

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, आणि आता ते राहिले नाहीत. मग तुम्हाला का सांगते आहे? थकले आहे म्हणून. दुसरं कारण शोधू नका.

माझे सासरे — आम्ही त्यांना आबा म्हणायचो — चाळीस वर्षं भाईंदरच्या मिठागरात राबले. पासष्ट-सहासष्ट सालची गोष्ट. दिवाळीनंतर उत्तनला एक बैरागी उतरला होता. त्याने आबांना सांगितलं, वर्षभर मीठ सोड, शंभरी गाठशील. जन्मभर मीठ पिकवणाऱ्याला हा नेम! हसू येतं ना? मलाही आलं होतं. आबांना नाही आलं. त्यांचे वडील पन्नाशीतच गेलेले, त्यामुळे मरणाची फार धास्ती. रोज सकाळी आरशापुढे बसून पिकले केस उपटायचे, दात हलवून बघायचे.

सासूबाई नव्हत्या. नवरा मुंबईत गिरणीत, तिथे खोलीही मिळत होती — पण आबांचा शब्द, "मी हाय तवर घर सोडायचं न्हाय." मी बावीसची, ते बासष्टचे. म्हणजे ते शंभर होतील तेव्हा मी साठीला टेकणार. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेचना. त्यांचं जगणं मला जड झालं होतं — एवढं एक वाक्य लिहायला माझा जन्म गेला.

त्यांचा नेम मी काटेकोर पाळला. त्यांचं पातेलं वेगळं, पळी वेगळी. गावभर नाव झालं, सून असावी तर अशी.

आता खरं सांगते. माझे वडीलही मुर्ध्याला मिठागरातच होते. उन्हाळ्यात ते कामावर निघाले की आई पेजेत मीठ जास्त घालायची. घामावाटे मीठ जातं, पोटात नसेल तर माणूस उन्हात आडवा होतो — आमच्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. आबांना ठाऊक नव्हतं? होतं. पण शंभरीपुढे माणसाला काय सुचतं?

वैशाखात त्यांच्या पायांत गोळे यायला लागले, चक्कर यायची. मी बघत होते. एका सकाळी ते चुलीपाशी येऊन बसले. हळूच म्हणाले, "सूनबाय, चिमटीभर घाल गं. कोनाला न्हाय सांगत मी."

मिठाचं मडकं माझ्या हाताशी होतं.

मी म्हणाले, "आबा, सहा महिने काढलेत. आता नेम मोडू नका."

किती मायेने म्हणाले मी! आबांनी मान हलवली. "बरं केलंस पोरी, अडवलंस," म्हणाले, आणि अळणी पेज पिऊन कामावर गेले.

दुपारी त्यांना खाटेवर घालून आणलं. शुद्ध आलीच नाही. ऊन लागलं, लोक म्हणाले. तेराव्याला आलेल्या बायका आपापल्या सुनांना माझा दाखला देत होत्या, आणि मी पदर डोळ्यांना लावून ऐकत होते. महिन्याभरात आम्ही मुंबईच्या खोलीत राहायला गेलो. तिथे मला झोप लागली — चांगली लागली. हेही लपवत नाही.

चिमूटभर मिठाने ते वाचले असते का? ठाऊक नाही. पण नाही म्हणताना मी का नाही म्हणते आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. आबांना वाटलं, सून आपल्याला जगवते आहे.