राहून गेलेली सहल

माझ्या मुलीचं यकृत बदललं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. नवं यकृत म्हणजे माझ्याच यकृताचा तुकडा होता. ऑपरेशननंतर आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलात वेगवेगळ्या मजल्यांवर पडून होतो, आणि तिचे बाबा ऑफिसातून रजा काढून दिवसभर लिफ्टने वर-खाली करत होते. त्या दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. ती बरी झाली. गाझियाबादच्या घरी परतली आणि काही महिन्यांनी मास्क लावून शाळेतही जायला लागली.

त्याच सुमारास आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या एका संस्थेतली तरुण कार्यकर्ती आमच्या घरी आली. तिने एक जाडजूड अल्बम आणला होता. त्यात समुद्र होता, बर्फ होता, आकाशाला भिडलेले पाळणे होते.

"बोलो, कहाँ जाना है?" तिने विचारलं.

लेकीने अल्बम शेवटच्या पानापर्यंत पाहिला, मिटला आणि परत दिला. "मेरी क्लास की ट्रिप छूट गई थी. वही वाली चाहिए. सबके साथ."

मला क्षणभर कळलंच नाही. मग आठवलं, ती आयसीयूत असताना तिचा वर्ग दिल्लीतलं रेल्वेचं संग्रहालय पाहून आला होता. कार्यकर्ती गेल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, ते संग्रहालय आपण कुठल्याही रविवारी बघू शकतो. तू मोठं काहीतरी माग ना."

"आई, क्लासमधे अजून त्या ट्रिपचे जोक्स चालतात. कुणाची टोपी उडाली, कोण इंजिनात अडकलं. सगळे हसतात तेव्हा मी पण हसते, पण उगाच. मला समजून हसायचंय."

मी कार्यकर्तीला फोन करून सांगितलं, तीच सहल हवी.

अख्खा वर्ग न्यायचा म्हणजे संस्थेलाही नवीनच होतं, पण आठवडाभराने होकाराचा फोन आला. शाळेनेही एक दिवस दिला. डॉक्टर मात्र दोन अटींवर अडून बसले. थंडीतला धूर जाऊन हवा साफ झाली की मगच जायचं, आणि गोळ्यांमुळे तिची प्रतिकारशक्ती कमी होती, म्हणून सर्दी-खोकला असलेलं एकही मूल तिच्या जवळ येता कामा नये. म्हणून मार्च उजाडला.

सहलीच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी बस उभी होती. मुलं चढत होती. तेवढ्यात लेकीची सगळ्यात जवळची मैत्रीण आपल्या आईच्या स्कूटरवरून आली आणि बसपासून बरीच लांब थांबली.

"आंटी, मुझे सुबह से छींक आ रही है," तिने तिथूनच ओरडून मला सांगितलं. "मैं बस बाय बोलने आई हूँ."

तिला ते लपवता आलं असतं. दहा वर्षांची पोर, गोळी घेऊन गुपचूप बसमध्ये बसली असती तर कुणाला कळणार होतं? मला तिचं फार कौतुक वाटलं, पण माझी लेक खिडकीतून सगळं ऐकत होती. ती पायऱ्या उतरून माझ्याजवळ आली आणि कुणाला कळू नये म्हणून मराठीत म्हणाली, "ती नाही, तर मी पण नाही."

मी तिला माझं यकृत दिलं होतं, पण कुणाची सर्दी तिला लागू द्यायची माझी तयारी नव्हती.

मैत्रिणीच्या आईनेच वाट काढली. "अरे, हम स्कूटर पे पीछे-पीछे आ जाते हैं. खुले में तो हवा ही हवा है."

वर्गशिक्षिकेने माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांना फोन लावला. ते हसले आणि म्हणाले, अंतर ठेवा, मास्क काढू नका, मग काही हरकत नाही.

एक्सप्रेसवेवर स्कूटरला मनाई, म्हणून ड्रायव्हरने जुना रस्ता धरला. बसच्या मागच्या काचेशी सगळा वर्ग गोळा झाला होता. मुलं वहीच्या पानांवर मोठ्या अक्षरात निरोप लिहून काचेला लावत, आणि स्कूटरवरची पोर हेल्मेट हलवून उत्तर देई. प्रत्येक सिग्नलला बस नुसती खिदळत होती. मीही खिदळत होते, पोटावरची जुनी जखम ओढली जात होती तरी.

संग्रहालयात मुलांना फिरवणारी लहानशी उघडी आगगाडी होती. लेकीला पहिल्या डब्यात बसवलं, मैत्रिणीला तिच्या आईबरोबर शेवटच्या. आता दोघी एकमेकींना दिसणारही नाहीत असं मला वाटलं. पण गाडी वळणावर आली आणि पहिला डबा शेवटच्या डब्याच्या समोर आला. दोघी उभ्या राहून हात करायला लागल्या. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मग त्या गाडीत जुनी इंजिनं कुणी पाहिलीच नाहीत, सगळ्यांचं लक्ष पुढचं वळण कधी येतंय याकडे. तिसऱ्या वळणाला मैत्रिणीला अशी जोरात शिंक आली की पहिल्या डब्यापर्यंत ऐकू गेली, आणि सगळी गाडी हसून लोळली.

त्यात माझी लेकही होती, आणि ते उगाच हसणं नव्हतं.

परतीच्या प्रवासात मी पुढे बसून डुलक्या काढत होते. मागे गोंधळ टिपेला पोचला तेव्हा वर्गशिक्षिका वैतागून उठल्या आणि माझ्या लेकीचं नाव घेऊन जोरात ओरडल्या, "बैठ जाओ, और एक आवाज़ नहीं!" मग आपण कुणाला ओरडलो ते त्यांच्या एकदम लक्षात आलं. त्या चेहरा पाडून माझ्याकडे बघायला लागल्या. मी खिडकीबाहेर पाहत राहिले, जणू काही ऐकलंच नाही.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "मग, कशी झाली ट्रिप?"

तिने बूटही काढले नव्हते. "बाबा, मॅमनी मला सगळ्यांसमोर रागावलं," ती म्हणाली. आजारपण सुरू झाल्यापासून तिला कुणी रागावलं नव्हतं. कसं रागावलं ते तिने त्यांना दोनदा करून दाखवलं, आणि मग गोळ्यांची वेळ झाली म्हणून मी तिला आत नेलं.