कारलं आणि विलायती रेकॉर्ड

तुमच्या आईच्या कपाटात एक रेकॉर्ड वरचं प्लॅस्टिकही न काढता ठेवलेली आहे. ती का वाजवत नाही, असं तुम्ही विचारलंत. सांगते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही बनारसला राहत होतो आणि ती कॉलेजात होती. इंग्लंडातल्या एका जोडीच्या गाण्यांचं तिला वेड होतं. एक गायचा, दुसरा यंत्राच्या पेटीमागे गंभीर चेहऱ्यानं उभा. बनारसमध्ये त्यांच्या कॅसेटी मिळत, पण हिला रेकॉर्डच हव्या. अस्सी घाटावरच्या लॉजमध्ये उतरणाऱ्या गोऱ्या मुलींना ती हिंदी शिकवायची आणि फीऐवजी तिकडून रेकॉर्ड मागवायची. आजोबा कव्हर बघून म्हणत, "हा दुसरा नुसतं उभं राहण्याचा पगार घेतो का?"

संग्रहात कमी असलेली शेवटची रेकॉर्ड आली, त्याच आठवड्यात आजोबांच्या ताई साताऱ्याहून काशीयात्रेला आल्या. काशीला आलं की आपली एखादी आवडती वस्तू कायमची सोडायची असते. राजा घाटावर उपाध्यायांनी विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "कारलं." जन्मात त्यांनी कारलं तोंडात घातलं नव्हतं.

आजोबा म्हणाले, "मी विलायती गाणी सोडली."

"तुला कुठे आवडतात रे?" ताई हसल्या.

"पोरीला आवडतात. घर एकच आहे."

घरी येऊन त्यांनी सगळ्या रेकॉर्ड पिशवीत भरल्या. मी म्हटलं, वस्तू तिची आहे, सोडायची तर तिनं सोडावी.

"बरोबर. तिच्याच हातानं सोडू दे."

पिशवी तिलाच उचलायला लावून त्यांनी तिला होडीत बसवलं.

"ही नवीन तरी एकदा ऐकू द्या, बाबा."

"ऐकलीस तर आणखी आवडेल."

तिनं एकेक तबकडी काढून पाण्यात सोडली. तबकड्या बुडाल्या, कव्हरं भोसले घाटाच्या दिशेनं वाहत गेली. प्लॅस्टिकमधली नवी रेकॉर्ड मात्र बुडेना. आजोबांनी नावाड्याला ती वल्ह्यानं खाली दाबायला लावली. ताईंनी हात जोडले. कपाटात आहे ती त्याच रेकॉर्डची दुसरी प्रत, तुमच्या आईनं पुढे परदेशात घेतलेली.

पुढे नोकरी लागून ती परदेशी निघाली. आजोबा स्टेशनवर आले. गाडीच्या खिडकीशी वाकून ते म्हणाले, "म्हणजे काशी सोडताना मलाच सोडून चाललीस."

"नाही बाबा," ती शांतपणे म्हणाली. "सोडायची वस्तू आवडती असावी लागते."