प्रणालीचं नाव मी दिलं नाही

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला का सांगतेय — देव जाणे. लपवून लपवून वीट आलाय, एवढंच.

नागपुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी चित्रकला शिकवायचे. अकरावी-बारावीला डिजिटल मीडिया आणि डिझाइनचा कोर्स सुरू झाला आणि प्राचार्यांनी तो माझ्या गळ्यात मारला. ब्रश धरणारी बाई माऊसही धरेल, त्यात काय एवढं! कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचे. सॉफ्टवेअर मी घरी व्हिडिओ बघून शिकायचे आणि वर्गात जाऊन तेच ओकायचे. — पण हे कशाला उगाळतेय मी? कॉम्प्युटरनं काही केलं नाही. केलं ते मी.

प्रणाली खापरखेड्याहून बसनं यायची. वडील तिकडच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार. एकदा स्क्रीनवर चित्राचे लेयर, म्हणजे एकावर एक थर, समजावताना मी अडकले. तीच चूक, पुन्हा पुन्हा. शेवटी ती उठली. "मॅडम, तुम्ही उलटं करून राहिल्या. मी दाखवू का?" दाखवलं तिनं. वर्ग खो-खो हसला. ती हसली नव्हती — हेही सांगायलाच हवं ना?

थोड्याच दिवसांत एका डिझाइन स्टुडिओतून फोन आला. आमच्या प्रदर्शनातलं पोस्टर त्यांना आवडलं होतं. ते करणाऱ्या मुलीला बारावीनंतर कामावर घेऊ, पुढचं शिक्षणही बघू, म्हणाले. पोस्टर प्रणालीचं होतं. मी म्हणाले, "तिच्या घरचे नाही पाठवणार." कुणाला विचारलं होतं मी? कुणालाच नाही. दुसऱ्या एका मुलाचं नाव देऊन मोकळी झाले.

त्याची निवड झाल्याचं कळलं, तेव्हा तिचे वडील कॉलेजात आले. "मॅडम, माह्या पोरीले काहून नाही घेतलं जी? आम्ही तर पाठवाले तयार होतो."

निदान तेव्हा तरी? छे! "काम कमी पडलं तिचं," मी म्हणाले. "या लाइनीत तिचं काही व्हायचं नाही." प्रणाली त्यांच्या मागेच उभी होती.

बारावीनंतर तिनं डिझाइन सोडलं.

गेल्या दिवाळीत गांधीबागेत कापड घ्यायला गेले, तर बिलाच्या काउंटरवर ती! लगबगीनं उठून पाया पडली. चहा मागवला. म्हणाली, "तेव्हा तुम्ही स्पष्ट सांगितलं म्हणून बरं झालं मॅडम. नाहीतर मी उगाच डिझाइनच्या मागं लागून राहिली असती."

काय अडलं होतं माझं? दुकानात गर्दी नव्हती. घाई नव्हती. समोर ती, हातात तिनं दिलेला चहा.

"हो ना," मी म्हणाले. आणि चहा संपवला.