कारणाच्या रकान्यातला कंटाळा

कल्पनाअक्कांची नोकरी माझ्यामुळे गेली. साहेबांनी घालवली असं सगळे म्हणतात, म्हणोत बापडे. कागद मी लिहिला होता.

कानडी मुलखातल्या बोम्मसंद्राच्या औषध कारखान्यात अक्का एकोणीस वर्षं इंजेक्शनच्या बाटल्या तपासत होत्या. बाटली उजेडात धरायची, आधी काळ्या फळीपुढे, मग पांढऱ्या, आणि आत कण दिसला की बाजूला काढायची. दिवसाला हजारो. मी नागपूरची, कागदपत्रं सांभाळणारी. पाच मिनिटं तिथं बसले तर जांभया सुरू. अक्का चामराजपेटहून दोन बस बदलून यायच्या आणि मान वर न करता बसायच्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, मिळवत्या त्या एकट्याच. पण कुरकुर म्हणून नाही.

मार्चमध्ये मालाची घाई होती. डोळ्यांना विसावा म्हणून दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं उठायचा नियम आहे. साहेबांनी तो आठवडाभर गुंडाळून ठेवला. त्याच आठवड्यात काचेची कपची असलेली एक बाटली अक्कांच्या हातून पुढे गेली. दवाखान्यातून परत आली, नशीब कुणाला टोचली नाही.

चौकशीच्या फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. निष्काळजीपणा लिहिलं असतं तर अक्का त्याच दिवशी घरी. विसावा बंद केला होता, हे लिहायची माझी छाती नव्हती. साहेबांनी मला सोडलं असतं होय? मग मी दीडशहाणीनं इंग्रजीतला सभ्य शब्द शोधला, मोनोटनी. तेच ते करून येणारा कंटाळा. वाटलं, यात कुणाचाच दोष नाही. अक्कांनी अर्थ विचारला नाही, मी सांगितला नाही, सही तेवढी घेतली.

साहेबांनी शब्द बरोबर उचलला. माणसाला कंटाळा येणारच म्हणाले, कॅमेऱ्याला येत नाही. जूनमध्ये तपासणीचं यंत्र आलं आणि अक्कांसकट अकरा बायकांना नोटीस मिळाली.

तेव्हा कुठे अक्कांनी मला त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ही बाटली कुणाच्या तरी अंगात जाणार, म्हणून बघत होते गं मी," त्या म्हणाल्या. "कंटाळा कसला? डोळे दुखत होते. मला विचारायचं होतंस की."

मग त्यांनी विचारलं, साहेबांच्या वरच्यांना अजून खरं कळवता येईल का? काम परत मिळेल का? मी म्हटलं, कळवते. त्या कानडीत 'सरी', म्हणजे बरं, म्हणाल्या आणि बस पकडायला गेल्या.

त्याला चार महिने झाले. मी अजून कळवलेलं नाही.